स्केचअपचं प्लगइन लोड होत नाही, ‘कॅनॉट लोड सच फाइल’ येतं: हरवलेली फाइल कुणाची ते ओळखा

स्केचअप हा थ्रीडी मॉडेल करण्याचा प्रोग्रॅम सुरू करताना ‘एरर लोडिंग फाइल’ अशी खिडकी येते, आपण ओके दाबतो, प्रोग्रॅम उघडतो आणि हवा असलेला टूलबारच नसतो. आर्किटेक्ट आणि इंटिरियरच्या ऑफिसांत हे वारंवार होतं. नवीन कॉम्प्युटर आला, व्हर्जन बदललं, किंवा कुणी व्हॉट्सअॅपवर प्लगइनची झिप पाठवली, की हमखास. मग तेच प्लगइन काढून पुन्हा टाकलं जातं आणि तीच खिडकी पुन्हा येते. कारण बहुतेक वेळा त्या प्लगइनमध्ये बिघाड नसतो. त्याला आधाराला लागणारी दुसरी कुठली तरी फाइल रुबीला (प्लगइन ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहितात आणि जी स्केचअपच्या आतच चालते तिला) सापडलेली नसते. ती फाइल कोणती हे मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, आणि ती कुणाची आहे हे कळलं की उपाय जवळजवळ ठरूनच जातो.

एक सूचना आधी देतो. खाली कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. रुबी कन्सोलमध्ये, म्हणजे रुबीच्या कमांड द्यायच्या खिडकीत (ती कुठे असते ते पुढे येतं), टाइप करताना ती रोमन लिपीत, कॅपिटल-स्मॉल सांभाळून टाका.

मेसेज पूर्ण वाचा

नमुन्यादाखल ही एक एरर घ्या:

लोडएरर: कॅनॉट लोड सच फाइल -- पॅरामेट्रिक.आरबी

दोन आडव्या रेघांनंतर जे नाव आहे ती हरवलेली फाइल. त्याखाली ज्या ओळी येतात त्यात पाथ आणि ओळीचा क्रमांक असतो, म्हणजे ही फाइल मागितली कोणी ते कळतं. लोक नेमकं उलटं करतात: खिडकीच्या वरच्या ओळीतलं प्लगइनचं नाव वाचतात आणि तेच बिघडलंय असं धरून चालतात. ते नाव मागणाऱ्याचं आहे, हरवलेल्याचं नाही. खिडकी बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण पुढचा सगळा शोध त्या एका ओळीवर चालतो.

स्केचअप २०१३ पर्यंत आतली रुबी १.८ होती आणि तिचा मेसेज ‘नो सच फाइल टू लोड’ असा यायचा. अर्थ तोच. जुन्या पोस्ट चाळताना दोन्ही वाक्यं शोधावीत.

आता दुसरी बाजू. ‘लोडएरर’ हा शब्दच मेसेजमध्ये नसेल, तर लायब्ररी (अनेक प्लगइनना आधार देणारा सामाईक कोड) शोधण्यात वेळ घालवू नका. स्केचअप २०२४ मध्ये रुबी ३.२.२ आली आणि अनेक जुनी प्लगइन एकाएकी बंद पडली, पण त्यांची एकही फाइल हरवलेली नव्हती. रुबी ३.२ मधून ‘फिक्सनम’ हा कॉन्स्टंट आणि ‘फाइल.एग्झिस्ट्स?’ ही मेथड काढून टाकली आहे. त्यामुळे पहिल्या बाबतीत ‘अनइनिशिअलाइज्ड कॉन्स्टंट फिक्सनम’ येतं आणि दुसऱ्या बाबतीत ‘अनडिफाइन्ड मेथड’. प्लगइन करणाऱ्याने नवीन व्हर्जन काढलं असेल तर ते घ्या. स्क्रिप्ट तुमचीच असेल तर ‘फिक्सनम’च्या जागी ‘इंटिजर’ करा आणि ‘एग्झिस्ट्स’मधला शेवटचा ‘स’ काढून ‘फाइल.एग्झिस्ट?’ करा, काम होतं.

याच्या उलट प्रकार स्केचअप मेक २०१७ वर होतो. फुकट मिळणारं ते शेवटचं डेस्कटॉप व्हर्जन, म्हणून अजूनही पुष्कळ जण ते सांभाळून आहेत. त्यात रुबी २.२.४ आहे. आजच्या प्लगइनमध्ये अँड-चिन्ह आणि टिंब जोडून लिहिलेला ऑपरेटर सर्रास असतो, तो रुबीत आला २.३ पासून. मेक २०१७ ला ती ओळ वाचताच येत नाही आणि ‘सिंटॅक्सएरर’ येते. इथे कुठलीही लायब्ररी टाकून उपयोग नाही. त्या प्लगइनचं जुनं व्हर्जन मिळतंय का ते बघायचं.

रुबी फाइल कुठे शोधते

एक्स्टेन्शन्स (प्लगइनचंच दुसरं नाव) मेनूत डेव्हलपर आणि त्यात रुबी कन्सोल आहे (जुन्या व्हर्जनमध्ये तो विंडो मेनूत होता). तो उघडून या तीन गोष्टी विचारा. ‘रुबी_व्हर्जन’ हे सगळं कॅपिटलमध्ये टाकलं की आतली रुबी कळते. ‘स्केचअप.फाइंड_सपोर्ट_फाइल’ला ‘प्लगिन्स’ हे नाव दिलं की प्लगिन्स फोल्डरचा खरा पाथ मिळतो. आणि ‘पुट्स’ लिहून पुढे डॉलर चिन्हासह कॅपिटलमध्ये ‘लोड_पाथ’ टाकलं की रुबी ज्या ज्या फोल्डरांत शोधते त्यांची यादी येते. या यादीतल्या फोल्डरांपासून मागितलेल्या नावापर्यंत वाट जुळली नाही, तर फाइल डिस्कवर असूनही रुबीच्या दृष्टीने ती नाहीच.

विंडोजवर प्लगिन्स फोल्डर युझरच्या अॅपडेटामध्ये, रोमिंगच्या आत असतो आणि प्रत्येक व्हर्जनचा वेगळा. २०२३ ची प्लगइन २०२४ ला आपोआप दिसत नाहीत. २०१३ पर्यंत तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये होता, आणि इंटरनेटवरच्या जुन्या सूचना अजून तिथेच फाइल टाकायला सांगतात. आज तिथे टाकलेली फाइल कुणी वाचत नाही.

सुरू होताना स्केचअप प्लगिन्स फोल्डरच्या वरच्या पातळीवरच्या आरबी, म्हणजे रुबी कोडच्या, फाइल आपणहून लोड करतं. उपफोल्डरांत शिरत नाही. तिथलं सगळं त्या वरच्या फाइलने मागवायचं असतं. हे लक्षात ठेवलं की सगळ्यात जास्त आढळणारं कारण लगेच कळतं. विंडोजमध्ये झिपवर राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केलं की झिपच्याच नावाचा एक जादा फोल्डर तयार होतो. समजा प्लगइनचं नाव जिना आहे. प्लगिन्समध्ये जिना.आरबी आणि तिच्या शेजारी जिना नावाचा फोल्डर हवा होता. प्रत्यक्षात प्लगिन्समध्ये जिना फोल्डर, त्यात जिना.आरबी, आणि तिथेच आत पुन्हा जिना फोल्डर, असं झालेलं असतं. अशा वेळी एकतर काहीच लोड होत नाही आणि एररही येत नाही. किंवा कुणीतरी फक्त आरबी फाइल वर उचलून ठेवतो, मग ती ‘जिना/मेन’ मागते आणि ते एक पातळी खाली पडलेलं असल्याने मिळत नाही. आतलं सगळं एक पातळी वर आणा, जादा फोल्डर काढा, स्केचअप बंद करून पुन्हा सुरू करा.

आरबीझेड फाइल असेल तर ती हाताने उलगडूच नका. आरबीझेड ही नाव बदललेली झिपच असते, पण एक्स्टेन्शन मॅनेजरमधल्या ‘इन्स्टॉल एक्स्टेन्शन’ने दिली की सगळं आपापल्या जागी पडतं. सुटी आरबी फाइल ब्राउझरमधून घेतली असेल तर एक्स्प्लोररमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल असं सेटिंग करा. शेवटी टीएक्सटी चिकटलेलं अनेकदा निघतं.

नाव कुणाचं आहे?

नाव प्लगइनच्याच फोल्डरचं असेल, म्हणजे ‘जिना/मेन’सारखं, तर मांडणी चुकली आहे किंवा झिप अर्धवट उलगडली आहे. वर सांगितलं तसं करा.

नाव दुसऱ्याच्या सामाईक लायब्ररीचं असेल तर ती लायब्ररी वेगळी टाकावी लागते. राउंडकॉर्नर, जॉइंट पुश पुल, कर्व्हिलॉफ्ट यांना लिबफ्रेडो६ लागतं. ते नुसतं असून भागत नाही, किमान अमुक व्हर्जनचं असावं अशी प्रत्येक प्लगइनची अट असते. म्हणून एकच प्लगइन अपडेट केलं आणि सगळा टूलबार रुसला, तर आधी लिबफ्रेडो६ अपडेट करून बघा. क्लीनअप३ सारखी काही प्लगइन टीटी_लिब२ वर उभी आहेत. या लायब्ररी मूळ लेखकाच्या पानावरून, स्केचअपच्या एक्स्टेन्शन वेअरहाउसमधून किंवा स्केचयुकेशन या साइटवरून घ्या. ‘सगळी प्लगइन एकत्र’ म्हणून फिरणाऱ्या झिप टाळा, हे मी आग्रहाने सांगतो. त्यात एकाच लायब्ररीच्या दोन-तीन पिढ्या मिसळलेल्या असतात. शिवाय प्लगइन म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्याच अधिकाराने चालणारा कोड आहे. तो कुणाच्या हातून आला हे माहीत असलंच पाहिजे.

वरच्या उदाहरणातली पॅरामेट्रिक.आरबी याच जातीची, पण जरा नाठाळ. ती स्केचअपच्या ‘शेप्स’ या उदाहरण-एक्स्टेन्शनसोबत येते आणि तिथे उपफोल्डरात असते. जुन्या स्क्रिप्ट ती थेट वरच्या पातळीवर मागतात. ‘शेप्स’ टाकूनही एरर जात नाही म्हणून लोक गोंधळतात. उपफोल्डरातली फाइल उचलून वर ठेवली तर लोडएरर जाते खरी, पण अलीकडे असे क्लास मॉड्यूलमध्ये गुंडाळलेले असतात. मग जुन्या स्क्रिप्टला हवा असलेला उघडा क्लास मिळत नाही आणि ‘अनइनिशिअलाइज्ड कॉन्स्टंट’ येतं. अशा स्क्रिप्टसाठी त्या काळातली मूळ फाइलच लागते. ती मिळत नसेल तर त्या स्क्रिप्टचा नाद सोडून पर्याय शोधलेला बरा.

नाव रुबीच्या स्वतःच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं असेल, म्हणजे जेसन, सेट, फाइलयुटिल्स वगैरे, तर व्हर्जन बघा. स्टँडर्ड लायब्ररी स्केचअपसोबत यायला लागली ती २०१४ पासून, रुबी २.० बरोबर. त्याआधी ती नव्हतीच, म्हणून त्या काळातल्या काही स्क्रिप्ट वेगळ्या इन्स्टॉल केलेल्या रुबी १.८ चा पाथ लोड_पाथमध्ये घुसवायच्या. तशी एखादी स्क्रिप्ट आजच्या प्लगिन्स फोल्डरात राहिली असेल आणि जुना पाथ तिने यादीच्या डोक्यावर ठेवला असेल, तर १.८ च्या फाइल नव्या रुबीला खायला घातल्या जातात आणि एरर भलत्याच प्लगइनच्या नावावर येते. लोड_पाथच्या यादीत सी ड्राइव्हवरची परकी रुबी दिसली तर प्लगिन्स फोल्डरातल्या फाइलींत तो पाथ टेक्स्ट म्हणून शोधा. ती ओळ सापडते.

राहिलं जेम, म्हणजे रुबीसाठीचं तयार कोडचं पॅकेज. कमांड प्रॉम्प्टवर ‘जेम इन्स्टॉल’ केलं, ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ आलं, तरी स्केचअपला ते जेम दिसत नाही. दिसणारच नाही, कारण स्केचअपच्या पोटातली रुबी वेगळी आणि तुम्ही इन्स्टॉल केलेली वेगळी. दोघींची जेमची फोल्डरं वेगळी. स्केचअपसाठी जेम हवं असेल तर रुबी कन्सोलमध्येच ‘जेम.इन्स्टॉल’ला नाव द्यावं लागतं. ते चालू असताना खिडकी गोठल्यासारखी होते. प्रोग्रॅम मारू नका, थांबा. जेम निव्वळ रुबीत लिहिलेलं असेल तर बसतं. आत सी भाषेतला भाग असेल तर कंपायलर मागतं आणि तिथेच अडकतं.

फाइल समोर आहे, तरी म्हणे सापडत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त छळतो. विंडोजवर एररमध्ये ‘१२६: द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’ येतं आणि पुढे एका एसओ फाइलचा पूर्ण पाथ असतो. तुम्ही त्या पाथवर जाता तर फाइल तिथेच आहे, आकारही ठीक. मग हा मेसेज का?

कारण हरवलेली ती फाइल नाही. एसओ ही कंपाइल केलेली फाइल असते आणि लोड होताना ती आणखी डीएलएल (विंडोजच्या कंपाइल केलेल्या लायब्ररी-फाइल) मागते. त्यातली एक मिळाली नाही की विंडोज १२६ देतं आणि नाव मात्र मागणाऱ्या एसओचंच छापतं. ती न मिळणारी डीएलएल बहुधा रुबीची असते. रुबी २.७ साठी बांधलेली एसओ २.७ ची डीएलएल मागते. स्केचअप २०२१ मध्ये ती होती, २०२४ मध्ये रुबी ३.२ आहे. म्हणूनच जुन्या व्हर्जनचा अख्खा प्लगिन्स फोल्डर नव्यात कॉपी करण्याची पद्धत घात करते. साध्या आरबी फाइली चालून जातात, कंपाइल केलेली फाइल असलेली प्लगइन कोसळतात. त्यांचं त्या व्हर्जनसाठीचं इन्स्टॉलरच लागतं. दुसऱ्या रुबीची डीएलएल नावासकट आणून शेजारी ठेवायचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नका: एका प्रोसेसमध्ये दोन रुबी आल्या की स्केचअप मॉडेलसकट बंद पडू शकतं.

स्केचअप २०१७ पासून फक्त ६४ बिटचं आहे, त्यामुळे ३२ बिटची एसओ त्यात कधीच चालणार नाही. मॅकवर एसओऐवजी बंडल फाइल असते, आणि अॅपलच्या चिपवर स्केचअप थेट चालत असेल तर बंडलही त्या चिपसाठी बांधलेला हवा.

लायब्ररी आहे, पण झोपलेली

एक्स्टेन्शन मॅनेजरमध्ये लोडिंग पॉलिसी असते. ती ‘आयडेंटिफाइड एक्स्टेन्शन्स ओन्ली’ अशी असेल तर डिजिटल सही नसलेली लायब्ररी लोड होत नाही, आणि तिच्यावर विसंबलेलं, सही असलेलं प्लगइन उघडं पडतं. ऑफिसात आयटीवाल्यांनी ही पॉलिसी लावली असेल तर परस्पर बदलू नका. त्यांना त्या एका लायब्ररीचं नाव सांगा. सही असलेल्या प्लगइनची एखादी फाइल हाताने दुरुस्त केली तरी सही तुटते आणि हेच घडतं. लायब्ररी मॅनेजरमध्ये डिसेबल केलेली असली तरीही तेच. अशा वेळी लोडएररऐवजी ‘अनइनिशिअलाइज्ड कॉन्स्टंट’ आणि पुढे लायब्ररीच्या मॉड्यूलचं नाव दिसतं.

‘सुपरक्लास मिसमॅच’ असं आलं तर एकाच लायब्ररीच्या दोन प्रती लोड होत आहेत. प्लगिन्समध्ये तिचं नाव शोधा, जुनी प्रत बाहेर हलवा.

आणि एक कारण आपल्याकडचं. विंडोजमध्ये युझर अकाउंट देवनागरीत नाव टाकून उघडलं असेल तर युझर फोल्डरचं नावही देवनागरीतच राहतं, आणि प्लगिन्सचा सगळा पाथ त्यातून जातो. विंडोजवरच्या स्केचअपमध्ये ‘फाइल’ या (कॅपिटलमध्ये, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर लावून लिहायच्या) खास नावातून मिळणाऱ्या पाथचं एन्कोडिंग काही व्हर्जनमध्ये चुकीचं लागलेलं असतं, आणि ज्या प्लगइनने त्याची काळजी घेतलेली नाही ते स्वतःच्याच फाइलीपर्यंत पोचत नाही. एररमधल्या पाथमध्ये नावाच्या जागी विचित्र चिन्हं दिसली तर हेच कारण समजा. अकाउंटचं दिसणारं नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. रोमन अक्षरांतलं नवीन लोकल अकाउंट उघडून तिथे तपासा. प्लगइन लिहिणाऱ्यांनी मात्र हे वापरणाऱ्यावर ढकलू नये. पाथची प्रत घेऊन ‘फोर्स_एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ दिलं की प्रश्न मिटतो. आपल्या नावाच्या लिपीमुळे कुणाचं काम अडू नये.

स्क्रिप्ट तुम्हीच लिहीत असाल तर

रुबीत नुसतं ‘रेस्क्यू’ लिहिलं की ते फक्त ‘स्टँडर्डएरर’ आणि तिच्या वंशातल्या एरर पकडतं. ‘लोडएरर’ त्या वंशात नाही, ती ‘स्क्रिप्टएरर’ची मुलगी. त्यामुळे ‘रिक्वायर’भोवती बिगिन-रेस्क्यू बांधूनही एरर बाहेर निसटते आणि लिहिणारा चक्रावतो. ‘रेस्क्यू लोडएरर’ असं नाव घेऊन लिहा. सगळंच पकडायला ‘रेस्क्यू एक्सेप्शन’ लिहू नका, त्याने खरे दोष झाकले जातात.

एवढ्यावर थांबलात तर अर्धंच काम झालं. लायब्ररी असेल पण तिला आतून लागणारी एखादी फाइल नसेल, तरीही लोडएररच येते. अशा वेळी तुमचा मेसेज ‘लायब्ररी टाका’ म्हणाला तर ज्याच्याकडे ती आहे तो बिचारा ती पुन्हा पुन्हा टाकत बसेल. रुबी २.० पासून लोडएररला ‘पाथ’ विचारता येतो. तो तुम्ही मागितलेल्या नावाशी जुळला तरच ‘लायब्ररी नाही’ म्हणा. नाही जुळला तर मूळ मेसेज जसाच्या तसा दाखवा.

कन्सोलमध्ये ‘रिक्वायर’ करून बघताना उत्तर ‘फॉल्स’ आलं तर घाबरू नका. फाइल आधीच लोड झालेली आहे एवढाच त्याचा अर्थ. फाइल सापडलीच नसती तर एरर आली असती.

स्केचअपमध्ये सगळी प्लगइन एकाच रुबीत राहतात, एकाच चाळीत एकच नळ असावा तशी. तुम्ही लोड_पाथमध्ये स्वतःचा फोल्डर सगळ्यात वर घातलात आणि त्यात युटिल्स.आरबी असेल, तर दुसऱ्याच्या प्लगइनने मागितलेली ‘युटिल्स’सुद्धा तुमचीच मिळेल. म्हणून लोड_पाथला हात लावू नका. आपल्या फाइल आपल्या फोल्डरच्या नावासकट मागवा, ‘जिना/युटिल्स’ अशा. ‘स्केचअप.रिक्वायर’ वापरलं आणि नावाला एक्स्टेन्शन लावलं नाही तर उद्या फाइल एन्क्रिप्ट करून आरबीई केलीत तरी तीच ओळ चालते. साध्या ‘रिक्वायर’ला आरबीई कळत नाही. प्लगिन्स फोल्डरातल्या फाइल कोणत्या क्रमाने लोड होतात यावरही विसंबू नका, जे लागतं ते स्वतः मागवा.

दुसऱ्याचं छोटं जेम लागत असेल तर वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर सुरुवातीलाच ‘जेम.इन्स्टॉल’ चालवणं मला अजिबात पटत नाही. साइटवरच्या लॅपटॉपला नेट नसतं, खिडकी गोठते, आणि दुसऱ्या प्लगइनला त्याच जेमचं वेगळं व्हर्जन हवं असेल तर दोघांची टक्कर होते. जेमचा लायसन्स परवानगी देत असेल तर त्याचा कोड लायसन्सच्या मजकुरासकट तुमच्या फोल्डरात घ्या आणि तुमच्या मॉड्यूलच्या आत गुंडाळा.

लायब्ररी नसल्याचा मेसेज दाखवताना चार गोष्टी द्या: लायब्ररीचं नाव, किमान व्हर्जन, ती कुठे मिळते, आणि वापरणाऱ्याच्या स्केचअप व रुबीचं व्हर्जन. मेसेज कॉपी करता येईल असा तोच मजकूर ‘पुट्स’ने कन्सोलमध्येही छापा. आणि मदत मागणाऱ्यांनीही ‘प्लगइन चालत नाही’ एवढंच न लिहिता हाच मजकूर, त्याखालच्या पाथच्या ओळींसकट पाठवावा. पाथमधलं स्वतःचं युझरनेम तेवढं पुसून.